चाचणीची रेघ

प्रयोगशाळेत तिला सगळे तारवाल्या ताई म्हणत. अकरा वर्षं तिचं काम एकच. दोन भाषा बोलणाऱ्या माणसांच्या बोटांना चिमटे लावायचे, चित्रं दाखवायची, शब्द ऐकवायचे आणि बोटांना किती घाम सुटतो त्याची रेघ पडद्यावर बघायची. घरच्या भाषेतली शिवी कानावर पडली की भल्याभल्यांची रेघ उसळे. तीच शिवी नोकरीतल्या भाषेत ऐकवा, रेघ आपली ढिम्म! ताईला याची भारी गंमत वाटे.

महिन्यापूर्वी आई गेली आणि गंमत पळाली. दवाखान्यातल्या सह्या, दाखले, डॉक्टरांशी बोलणं, सगळं ताईनं नोकरीतल्या भाषेत धडाधड उरकलं. डोळ्यांतून टिपूस नाही. धाकटी बहीण फणकारली, "ताई, दगड झालीस का गं?" तेव्हापासून तिला चैन नव्हतं. चहा समोर निवून जाई. खुर्चीत टेकली की लगेच उठावंसं वाटे.

रोज सकाळी यंत्राची चाचणी स्वतःवर घ्यायची, असा तिथला नियम. चाचणीचं रेकॉर्डिंग नेमकं आईच्या आवाजातलं. सुरुवातीला ताईनंच ते तिच्याकडून करून घेतलेलं; घरची भाषा स्वच्छ बोलणारं दुसरं कोण मिळणार होतं? महिनाभर ताई चाचणी टाळून वहीत रेघेच्या उंचीचा जुनाच आकडा लिहीत होती. लबाडीच ती, पण रेघ हललीच नाही तर? बहिणीचं खरं ठरलं तर?

आज प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी वही पाहिली. "ताई, रोज तोच आकडा? यंत्र बिघडलेलं दिसतंय. लावा बघू माझ्यासमोर."

तिनं चिमटे लावले. आईचा आवाज आला, "आई." एरवी इथे रेघ हमखास उठायची. आज सपाट. "घर." सपाट. "मरण." तेही सपाट. ताईनं चिमटे पुन्हा दाबून बसवले.

"बंदच पडलंय," सर म्हणाले.

"थांबा ना जरा."

पुढे कुणालाच काही वाटू नये असे शब्द होते. चमचा. पिशवी. बादली. एवढं झालं की घाईत ताई पूर्वी रोज यंत्र बंद करायची. आज सर बसले होते, म्हणून रेकॉर्डिंग चालू राहिलं. थोडा वेळ नुसती खरखर. मग आई हळूच, जरा घाबरून विचारत होती, "नीट आलं का गं?"

रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन धडकली.

"अहो, चालतंय की!" सर म्हणाले.

माणसांना हजारदा "हात हलवू नका" सांगणाऱ्या ताईचा हात डोळ्यांकडे गेला. चिमटा निसटून खाली पडला.

"आलं गं आई," ती हुंदक्यातून म्हणाली, "अगदी नीट आलं."