सरांपुढे उभं राहायचं ठरलं होतं

नववीत त्याला आम्ही सदिश राशी म्हणायचो. अकरावीला हिंगणघाटच्या कॉलेजात सायन्स घेतलं आणि त्याचाच व्हेक्टर झाला. मला फिजिक्स शिकवणारी बाईच व्हायचं होतं, म्हणून मी घरी मराठी पुस्तक शेजारी ठेवून एकेक शब्द जुळवत बसायचे. शाळेपासून माझ्याच बाकावर बसणारी मैत्रीण मात्र रडकुंडीला आली होती.

"हे पाय," मी तिला सांगितलं, "जाम गावाले जायचं त किती लांब, एवढं पुरत नाई. तोंड कोणीकडं, तेबी पायजे. उलटी बस धरली त तेवढीच दूर जाशीन, पण हैदराबादच्या रस्त्यानं."

ती खुदकन हसली. ते समजलं, पण व्हेक्टरच्या दोन बाणांची बेरीज तिला अडलीच.

"मले काईच समजून नाई राह्यलं," ती म्हणाली. "उद्या सरले म्हणू, मराठीत सांगा. आपण दोघी उभ्या राहू."

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर बाण काढले आणि मी उभी राहिले. "सर, ही बेरीज एकदा मराठीत सांगा ना."

"आणखी कोणाले नाई समजलं?"

मी बाजूला पाहिलं. ती पट्टी लावून सावकाश बाण काढत होती. सरांनी तिलाच विचारलं.

"समजलं, सर."

"मंग तुलेच काऊन नाई समजत? आर्ट्सले जा ना!" सर शिकवायचे इंग्रजीत, झापायचे मात्र अस्सल वऱ्हाडीत.

वर्ग हसला. तीही हसली. सरांचं मी कधीच सोडून दिलं, तिचं ते हसणं आठवलं की अजून जीव जळतो. त्यानंतर सर रोज विचारायचे, "मराठीवाली आली का?" दिवाळीनंतर मी खरोखरच आर्ट्सला गेले. घरी सांगितलं, जमत नाही. जमत होतं हो, चांगलं जमत होतं.

बऱ्याच वर्षांनी ती जामच्या स्टँडवर भेटली. कॉलेजात फिजिक्स शिकवते म्हणाली.

"पोरायले व्हेक्टर नाई समजला का तुयी ती जामची बसच सांगतो मी," ती कौतुकानं म्हणाली. "तवा किती भेत होतो ना आपण सरले!"

"आपण कोण?" मी विचारलं. "उभी त मी एकटीच होती."

ती समोरच्या बसची पाटी वाचू लागली.