दसऱ्याची गोळी

जवसाच्या तेलाचा वास आला की मला अजून नवरात्र आठवते, आणि नवरात्राबरोबर आबासाहेब देशमुखांच्या ओसरीवर पांढऱ्या धोतराच्या घडीवर आडवी ठेवलेली ती लांब बंदूक. कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या गावात खंडेनवमीला नांगर, विळे, कोयते यांच्या ओळीत तिचीही पूजा होई. तिचा लाकडी दस्ता आबासाहेब स्वतः तेलाने पुसत, आणि आश्विनातले कोवळे ऊन त्या लाकडात उतरून मधासारखे साकळून राही.

हिंगोलीची जुनी छावणी मोडली तेव्हा कुणा गोऱ्या अधिकाऱ्याच्या सामानाच्या लिलावात आबासाहेबांच्या वडिलांनी ती घेतली, एवढाच तिचा पूर्वेतिहास आम्हांला ठाऊक होता. शिकारीला ती निरुपयोगी होती. वजनाने जड, एका वेळी एकच गोळी घेणारी, मागे उभ्या पितळी पट्टीत मोहरीएवढे भोक. दूरच्या फळीवरच्या काळ्या ठिपक्याचा वेध घ्यावा, याखेरीज तिच्या जन्माला प्रयोजन नव्हते, आणि आबासाहेबांनीही तिला दुसरे प्रयोजन दिले नाही. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ओढ्याकाठच्या लिंबाला टांगलेला नारळ ते एका गोळीत फोडत आणि मगच गाव सीमोल्लंघनाला निघे. नारळ टांगण्याचा मान सखारामच्या घराचा.

"एवढी धिप्पाड बंदूक, अन् खाते काय तर खोबरं! माळकरी हाये बाप्पा," असे तो झाडावरून ओरडे.

आबासाहेब भोकावरचा डोळा न काढता म्हणत, "सख्या, उतर खाली. वर्षाचा उपास हाये तिचा, तुह्यावरच सोडंल."

मला हिंगोलीच्या शाळेत आणि पुढे हैदराबादला कॉलेजात धाडले ते आबासाहेबांनीच. आमच्या घरात त्याआधी कुणी पाटीला हात लावला नव्हता. म्हणून त्यांच्याविषयी लिहिताना माझी लेखणी आधी नमस्कार करते, आणि मग गोंधळते.

अठ्ठेचाळीस साली कॉलेज बंद पडून मी गावी आलो, तेव्हा काडतुसे मिळेनाशी झाली होती. आबासाहेबांकडे एकच उरले होते आणि ते दसऱ्याचे, हे साऱ्या गावाला माहीत होते. उन्हाळ्यात एका सकाळी रझाकार आले, ज्वारीची पोती गाड्यांत भरून घेऊन गेले, आणि आडव्या आलेल्या सखारामच्या धाकट्या भावाला त्यांनी वेशीतच मारले. आबासाहेब बंदूक घेऊन घराच्या माळवदावर उभे होते. गोळी सुटली नाही. एका गोळीने काय झाले असते, असे लोक म्हणत.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामी सरली. उघडीप पडली होती, हळदीची रोपे कमरेला लागत होती, आणि त्यांच्या ओल्या, उग्र गंधात इतके दिवस दाबलेला माणसांचा राग मिसळून गेला होता. एका दुपारी, ज्याने साऱ्या गावाच्या गाद्या भरल्या तो करीमचाचा पिंजारी बायका-लेकरांना गाडीत घालून हिंगोलीकडे निघाला. त्याने कुणाचे काही केले नव्हते. तो फक्त मुसलमान होता. सखाराम आणि गावातले काही जण कुऱ्हाडी घेऊन ओढ्याकडे धावले. त्यांच्यामागे मीही धावलो, अडवायला की पाहायला, ते मला आजही सांगता येत नाही. आबासाहेब आमच्याआधीच लिंबाखाली पोचले होते, हातात बंदूक.

"आबासाहेब, बाजूला व्हा," सखाराम म्हणाला. "माह्या भावाच्या वक्ताला तुमची बंदूक मुकी व्हती. आता आमच्याच आडवी काहून येऊन राहिली?"

आबासाहेबांनी बंदूक खांद्याला लावली. बार झाला. गाडीच्या आणि आमच्या मधल्या काळ्या मातीचे एक ढेकूळ उडून फुटले, बैल बिथरले, गाडीतले एक लेकरू रडू लागले. आम्ही थांबलो, पण भयाने नव्हे. त्या बंदुकीत आता काही उरलेले नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होते. देव्हाऱ्यातला दिवा घरच्याच वडीलधाऱ्याने फुंकर घालून विझवावा, तसे काहीतरी झाले होते.

"झाला आपला दसरा," आबासाहेब म्हणाले. "चला घरी."

करीमचाचाची गाडी पाण्यात उतरली, पलीकडे चढली. सखाराम कुऱ्हाड टाकून तिथेच मातीत बसला आणि भावाचे नाव घेऊन रडला. भाऊ गेला त्या दिवशीही रडला नव्हता तेवढे.

पुढे सरकारी हुकुमाने बंदूक हिंगोलीला जमा झाली. त्या वर्षी दसऱ्याला कुणी ओढ्याकडे फिरकणार नाही, असे मला वाटले होते. पण सकाळीच सखाराम लिंबावर चढला आणि नेहमीच्या फांदीला त्याने नारळ टांगला. या वेळी वरून थट्टा आली नाही. आबासाहेब रिकाम्या हातांनी आपल्या जागी आले, डावा डोळा मिटून बराच वेळ त्या नारळाकडे पाहत राहिले, आणि शिवेकडे चालू लागले. गाव त्यांच्यामागे निघाले. सगळ्यांत शेवटी सखाराम.

तो टोमणा होता की मान, हे मी सखारामला विचारले नाही. वेशीत न सुटलेली गोळी ओढ्यावर कशी सुटली, हे आबासाहेबांना विचारण्याचे धैर्य तर त्यांच्याच कृपेने शिकलेल्या मला कधीच झाले नाही. नारळ मात्र हिवाळाभर तिथेच राहिला. हुरड्याच्या दिवसांत वारा सुटला की तो दोरीवर हळूहळू फिरे, कधी गावाकडे, कधी हिंगोलीच्या वाटेकडे. आतले पाणी आटून खोबरे सुटले असावे, कारण लिंबाखालून जाताना आत काहीतरी हलल्याचा आवाज येई.