सलोख्याची पत्रकं

जुन्या छापखान्यात मोडके खिळे साठतात, तसे आमच्याकडे किस्से साठले. टाकवत नाहीत आणि कुठे बसवावेत तेही कळत नाही. नगरच्या मिशनच्या छापखान्यात मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. फाळणीच्या साली तिघांनी मिळून सलोख्याची पत्रकं काढायचं ठरवलं: मिशनच्या मासिकाचे संपादक साळवे पाळक, भिंगारचे कीर्तनकार जोशीबुवा आणि दवंडी देणारे इमामभाई.

पहिल्याच पत्रकाला गाडं अडलं. वर नाव कोणत्या देवाचं घालायचं? सकाळची दुपार झाली, तरी तोडगा निघेना. त्यात युद्धापासून कागदाची चणचण. शेवटी साळवे म्हणाले, "कागद लहान आहे. देवाला वगळू, माणसं तेवढी ठेवू." तिघांनीही माना डोलावल्या. कुणालाच बरं वाटलं नव्हतं.

* * *

इमामभाईंनी ते पत्रक भिंगारच्या बाजारात पत्र्याच्या भोंग्यातून वाचलं. भाजी विकणाऱ्या एका म्हातारीनं विचारलं, भांडण कुठं झालंय? इमामभाईंनी सांगितलं, इथं नाही, दूर पंजाबात.

"मग हितं कशापायी वरडता? ज्यांला ठावं नव्हतं, त्यांलाबी ठावं झालं की!"

इमामभाई परत आले, भोंगा कोपऱ्यात ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

* * *

इमामभाईंचा धाकटा भाऊ बायकामुलांसह कराचीला गेला. तुम्हीही चला म्हणून मागे लागला होता. साळव्यांनी भीतभीतच विचारलं, काय ठरवलंत?

"पाळकसाहेब, कराचीत मराठी दवंडी कोण ऐकणार?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

* * *

पुढे सिंधमधून निर्वासित आले. हिंदूच, पण त्यांना आपली बाळबोध लिपी वाचता येईना. ते वाचायचे उर्दूसारख्या अक्षरांत. तसले खिळे आमच्याकडे नव्हते. मग जोशीबुवांनी सांगितलेला मजकूर इमामभाईंनी हातानं उर्दूत लिहिला, आणि दोघं मिळून तो छावणीत घेऊन गेले. एका म्हाताऱ्या सिंध्यानं तो दोनदा वाचला. कुणी लिहिलं, म्हणून विचारलं. इमामभाई पुढे झाले. त्यांचं नाव ऐकून म्हाताऱ्यानं कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

मग म्हणाला, "अक्षर छान आहे. आमच्या गावी मास्तरांचं असंच होतं."

मास्तरांचं पुढे काय झालं, ते जोशीबुवांनी विचारलं नाही.

* * *

गांधीजींचा खून झाला. मारणारा ब्राह्मण, हे कळल्यावर ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. जोशीबुवांच्या आळीतही एक जमाव आला. इमामभाई दारात आडवे उभे राहिले, ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. जोशीबुवा आणि त्यांची बायको मागच्या दारानं निघून साळव्यांकडे पोचली. घर मात्र जळालं, कीर्तनाच्या पोथ्यांसकट.

दुसऱ्या दिवशी साळव्यांनी शांततेचं आवाहन लिहिलं. मी ते जुळवलं. मुद्रितं तपासायचं काम नेहमी जोशीबुवांचं. साळवे म्हणाले, आज राहू द्या, मी बघतो. जोशीबुवांनी नुसता हात पुढे केला. अंगात साळव्यांचा कोट होता, बाह्या बोटांवर येत होत्या. पहिलीच ओळ होती, 'नगरच्या सुज्ञ नागरिकहो'. त्यांची पेन्सिल तिथंच थांबली.

साळव्यांना ते पाहवेना. हळूच म्हणाले, "बुवा, 'सुज्ञ' काढू का?"

जोशीबुवांनी खाली एक चुकलेली वेलांटी दुरुस्त केली आणि कागद माझ्याकडे दिला.

"राहू द्या. एखाद्याला तरी लागू पडेल."