म्या वाटलेली गोळी

बायको जाऊन चार महिने झाले. मला एका जागी बसवत न्हाई, म्हणून लिहितो. शाळा चौथीपर्यंत, चुकलं तर चुकलं.

तिच्या छातीचा कॅन्सर हाडात उतरला होता. डॉक्टरांनी दुखण्यावर मॉर्फिनची गोळी दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक, अख्खी गिळायची. कारण सांगितलं असंल, म्या ऐकलं न्हाई.

गोळी घेतली की लगेच उतार पडायचा न्हाई. ती भिंतीकडं तोंड करून कण्हायची, मी अंगणात येरझारा घालायचो.

"अवो, बसा की. तुमी चालून गोळी पळायची न्हाई," म्हणायची.

एका सकाळी गोळी घशाखाली उतरंना. दोनदा थुंकली. आमी हिर्डोशी गावचे, मेंढरं पाळणारे. मेंढराला गोळी द्यायची तर वाटायची, गुळाच्या पाण्यात कालवायची आणि नळकांड्यानं घशात सोडायची. जन्मभर तेच केलं. म्या गोळीचं वरवंट्यानं पीठ केलं आणि नाचणीच्या आंबिलीत ढवळून पाजलं.

जरा वेळानं कण्हणं थांबलं. मी खूश. मग ती बोलंना. एक श्वास आला की दुसरा येतोय का न्हाई, असं व्हायला लागलं. हाका मारल्या, गालावर मारलं. डोळे अर्धे उघडायची, परत मिटायची.

शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून भोरला नेलं. वाटभर तिला चिमटे काढले, शिव्या दिल्या. दवाखान्यात सुई टोचली, नाकाला नळी लावली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, ही गोळी बारा तास हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. तुम्ही ती फोडली, सगळं औषध एकदम रक्तात गेलं. गिळता येत नव्हतं तर विचारायचं. पातळ औषध मिळतं."

"मेंढरांना असंच देतो."

"मेंढरं काय तक्रार करणार?"

सुईनं गुंगी उतरली, तशा कळाही परत आल्या. तिनं माझा हात धरला.

"अवो, लई हलकं वाटत हुतं. कशाला उठवलंत?"

"मला भाकरी थापता येत न्हाई," मी म्हणालो.

ती हसायला गेली आणि ओठ चावला.

पुढं दीड महिना ती पातळ औषधावर होती. दुखणं कमी व्हायचं, पुरतं जायचं न्हाई. म्या तिला उठवलं ते माझ्यासाठी, तिच्यासाठी न्हवं. तिला ते कळलं हुतं. तरी रोज औषधाला तोंड उघडायची.