डाव्या खांद्यावरचा पदर

लंडनमधल्या हाउन्सलोच्या निवेदिताने हे काम का धरलं, ते तिच्या आईला, सुनीतीबाईंना, बरेच दिवस उमगलं नाही. निवेदिताला मात्र त्याचं मूळ पक्कं ठाऊक होतं. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात तिचे बाबा गेले. विष्णूराव जन्मभर लाल बस चालवत आले. मागून गाड्यांचे हॉर्न, पुढून सायकलवाले, आणि आत ‘लेट का केलीत’ म्हणून भांडणारे उतारू, हे त्यांचं रोजचंच. पण त्या दिवशी त्यांची शवपेटी ठेवलेली लांब काळी गाडी घरासमोरून निघाली, आणि काळ्या कोटातला एक अनोळखी गोरा माणूस, हॅट हातात धरून, तिच्या पुढे भर रस्त्यातून पायी चालू लागला. मागे वाहनांची रांग लागली. रांगेत एक बसही होती. कुणी हॉर्न वाजवला नाही. निवेदिताच्या मनात आलं, बाबांना हे बघायला मिळायला हवं होतं.

तेव्हा ती हीथ्रोवर चेक-इनच्या काउंटरवर होती. २००१ च्या सप्टेंबरनंतर विमानं रिकामी उडू लागली आणि ख्रिसमसच्या आत तिची नोकरी गेली. जानेवारीत तिने लोकल पेपरात हॅरोमधल्या एका फ्युनरल डायरेक्टरची, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणाऱ्याची, जाहिरात पाहिली. असिस्टंट हवी होती. ती भेटून आली आणि संध्याकाळी आईला सांगितलं.

“मढ्यांच्या दुकानात?” तव्यावरची पोळी करपायला लागली तरी सुनीतीबाईंना भान नव्हतं. “अगं, बँकेत बघ, कौन्सिलमध्ये बघ. मराठी मंडळात मी काय सांगू?”

“सांग ना, ऑफिसमध्ये आहे. ऑफिस आहेच तिथे.”

“आणि ऑफिसच्या मागे?”

निवेदिताने पुढे होऊन करपलेली पोळी उलटली.

शेवटी मायलेकींचा करार झाला. या कामाचा रीतसर डिप्लोमा असतो. सप्टेंबरात कोर्स सुरू झाला की दोन वर्षांत तो मिळाला तर ठीक, नाहीतर निवेदिताने ते सोडायचं आणि आई म्हणेल ती नोकरी धरायची. तोवर रोज घरी परतताना पुढच्या दाराने यायचं नाही. बाजूच्या फाटकातून मागे जायचं, खालच्या शॉवरमध्ये अंघोळ करायची, कपडे वेगळे टाकायचे, आणि मग स्वयंपाकघरात पाऊल.

त्या फाटकाची कडी अडायची. पावसात भिजत, ती हलवत, निवेदिता अडीच वर्षं त्या फाटकातून आत आली.

मालक मिस्टर हॅलम साठीचे, मितभाषी. त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे कुणालाही ‘मला कळतंय तुम्हाला काय वाटतंय’ असं म्हणायचं नाही, कारण ते खरं नसतं. दुसरी, आत कुणीही असो, खोलीत शिरताना दारावर टकटक करायची. बाकीचं कोर्सने शिकवलं. मृत्यूची नोंद कुठे करायची, दहनासाठी डॉक्टरांच्या कोणत्या सह्या लागतात, छातीतला पेसमेकर आधी का काढून घ्यावा लागतो. शेवटच्या भेटीसाठी नारळ पेटीत ठेवला तरी झाकण लावण्यापूर्वी तो घरच्यांकडे कसा परत द्यायचा, हेसुद्धा. नाहीतर भट्टीत तो फुटतो.

बायकांना नेसवायचं काम तिला हंसाबेननी शिकवलं. त्या तिथे बरीच वर्षं होत्या. हॅरोत येणारं गिऱ्हाईक बहुतेक गुजराती, त्यामुळे साड्यांचं खातं त्यांच्याकडे. निजलेल्या बाईला अंगाभोवती न गुंडाळता साडी कशी खोचायची, हात अवघडला असेल तर कोपरापासून कसा सैल करायचा, सगळं त्यांनी दाखवलं. “सावकाश, दीकरी. त्यांना कुठे घाई आहे?” म्हणायच्या. निवेदिताचा हात चांगला बसला.

२००४ च्या जूनपर्यंत लेखी पेपर झाले होते. राहिलं होतं शेवटचं एकच. एक अंत्यविधी पहिल्यापासून अखेरपर्यंत तिने स्वतः पार पाडायचा आणि कोर्सच्या मिसेस पेल तो बघणार. त्या नापास म्हणाल्या तर करार संपला.

आणि त्याच आठवड्यात ऑफिसचं दार उघडून कमलाकरकाका आत आले. मंडळातले जुने, तिच्या आईबाबांच्या बरोबरचे. त्यांच्या पत्नी, रेखामावशी, लांबलेल्या दुखण्यातून सुटल्या होत्या. काका टेबलासमोर बसले, चष्मा पुसला आणि थबकले.

“अगं, तू विष्णूची ना?”

“हो काका.”

“सुनीतीवहिनी कधी बोलल्या नाहीत!” मग त्यांचे खांदे एकदम सैल झाले. “बरं झालं बाई. मला वाटलं होतं, सगळं समजावून सांगावं लागणार. आता तूच कर. ती सवाष्ण गेली, हिरवी नारायणपेठी नेसव. बाकी तुला ठाऊक आहेच.”

निवेदिताने मान हलवली. आपल्याला ठाऊक आहे असंच तिला वाटत होतं.

अंत्यविधीच्या आदल्या दुपारी तिने एकटीने मावशींना नेसवलं. हंसाबेन सुट्टीवर नवसारीला गेल्या होत्या. पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेऊन छातीवर नीट पसरला, काठ सरळ केले, कुंकू लावलं. मिस्टर हॅलम दारात येऊन “ब्यूटिफुल” म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यातून अंत्यविधीच्या कार्यक्रमाच्या पत्रिका आल्या. बारा वाजता घरची माणसं दर्शनाला येणार होती आणि मिसेस पेलही. पत्रिकेच्या पुढच्या पानावर गणपतीच्या कार्यक्रमातला मावशींचा हसरा फोटो होता. निवेदिता तो बघत राहिली. फोटोत पदर डाव्या खांद्यावरून मागे सोडलेला होता. आईचा तसाच असतो. मंडळातल्या सगळ्यांचा तसाच असतो. आपण रेखामावशींना अख्खी गुजराथीण करून ठेवली आहे!

ती आत धावली, पदर सोडला आणि उलटा घ्यायला गेली, तर निऱ्याही उलट्या. तशी साडी ती वर्षातून एकदा गणपतीला नेसायची, आणि दरवेळी आईच नेसवायची. ती आपली हात वर करून उभी असायची. दोनदा करून पाहिलं. काठ वाकडा, निऱ्या फुगलेल्या. शेवटी तिने फोन उचलला.

“आई, माझा खूप मोठा चूक झाला.”

“झाली. काय केलंस?”

तिने सांगितलं. सुनीतीबाई त्या दिवशी फक्त क्रिमेटोरियमला जाऊन मागच्या बाकावर बसणार होत्या.

“काठ कुठला?” त्यांनी विचारलं.

“लाल. मिस्टर हॅलम तुला आणायला गाडी पाठवतो म्हणतात.”

“ती काळी गाडी? माझ्या दारात? खबरदार! शेजारचे रडत येतील. मी मिनीकॅबने येते.”

त्या आल्या तेव्हा अकरा वाजायला आले होते. मिनीकॅबवाल्याने दुकानाची पाटी बघून त्यांना कोपऱ्यावरच उतरवलं होतं. मागच्या खोलीच्या दाराशी त्या पदराचं टोक नाकाशी धरून उभ्या राहिल्या. वास कसलाच येत नव्हता. खोली उजळ, पडदे धुतलेले, खिडकीत कुंडी. त्यांनी पदर खाली घेतला.

“चपला काढू का?”

“असू दे.” निवेदिताने उघड्या दारावर टकटक केली आणि आत जात ती म्हणाली, “मावशी, आई आली आहे हं. आता तुम्हाला जरा डाव्या कुशीवर घेते. हात माझ्याकडे द्या.” एक तळवा खांद्याखाली, एक कमरेखाली सरकवून तिने त्यांना अलगद वळवलं.

“ऐकू येत नाही तिला,” सुनीतीबाई पुटपुटल्या.

“ठाऊक आहे. पण न सांगता कुणाला हात कसा लावणार?”

सहा-सात वर्षांपूर्वी नवऱ्याला सुनीतीबाई असल्याच कुठल्याशा दारापाशी सोडून आल्या होत्या. आत पुढे काय झालं असेल, कुणी कसं उचललं, कसं टाकलं, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. न विचारलेलं ते इतकी वर्षं मनात टोचत राहिलं होतं.

“ह्यांच्याशीही बोलले असतील का गं कुणी?”

“बोलले असणार. सगळेच बोलतात, आई. मिस्टर हॅलम तर क्रिकेटचा स्कोअरसुद्धा सांगतात.”

सुनीतीबाईंनी डोळे टिपले, पदर कमरेला खोचला आणि त्या पलंगाशी गेल्या. “रेखे, किती वाळलीस गं! आणि ही पोर बघ, तुला नवसारीला पाठवायला निघाली होती.”

निजलेल्या माणसाला साडी नेसवणं त्यांनाही नवं होतं. पहिल्यांदा निऱ्या घातल्या त्या ओघळल्या. मग निवेदिता म्हणाली, “निऱ्या टेबलावर घाल ना आधी. मी खोचते.” तसं जमलं. आईने निऱ्या घालायच्या, लेकीने वळवायचं, उचलायचं, खोचायचं. पदर डाव्या खांद्यावरून मागे गेला. सुनीतीबाईंनी आपल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टीपिन काढली आणि खांद्यावर आतल्या बाजूने लावली.

“आतून का?” निवेदिताने विचारलं.

“पिन दिसलेली हिला खपायची नाही. हळदीकुंकवाला सगळ्यांच्या पिना आत ढकलत फिरायची.”

बाराला घरची माणसं आली. मिसेस पेल भिंतीशी उभ्या राहिल्या, हातात फाइल धरून. कमलाकरकाका पेटीजवळ गेले. बघत राहिले. मग हात पुढे करून त्यांनी खांद्यावरचा काठ चाचपला.

“आतून लावली आहे,” काका मागे वळून सुनेला म्हणाले. “बघ, अगदी आपली रेखा आहे.” आणि आजाऱ्याशेजारी बसून महिनोन्महिने घट्ट मिटलेलं त्यांचं तोंड सैल झालं. ते रडले.

तीन वाजता गाडी निघाली. निवेदिता काळा कोट घालून, हॅट हातात धरून, पुढे चालू लागली. सुनीतीबाई फुटपाथवर उभ्या होत्या. रस्त्यावरची वाहनं एकेक करत थांबली. त्यांत एक लाल बस होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. सुनीतीबाई आधी बसकडे बघत राहिल्या, मग बसच्या पुढे ताठ चालणाऱ्या आपल्या मुलीकडे.

सगळं आटोपल्यावर मिसेस पेलनी विचारलं, “मी आले तेव्हा मागच्या दाराने बाहेर पडत होत्या त्या बाई कोण?”

“माझी आई. मी साडी चुकीच्या खांद्यावर घेतली होती, म्हणून बोलावली.”

“तुमच्या मालकांना हे माहीत आहे?”

“त्यांनीच गाडी देऊ केली होती. तिने नाकारली.”

मिसेस पेल पहिल्यांदाच हसल्या. “मी पास होणाऱ्यांत हेच बघते,” त्या म्हणाल्या. “येत नाही ते वेळेत ओळखणं. पत्र सप्टेंबरात येईल. डिप्लोमासाठी फ्रेम आत्ताच घेऊन ठेवायला हरकत नाही.”

परतताना मिनीकॅबमध्ये निवेदिताने ते आईला सांगितलं. सुनीतीबाई “हं” म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. ईलिंग मागे पडलं तेव्हा म्हणाल्या, “काल मंडळातून शशीचा फोन होता. तुझ्या कामाचं कमलाकरभावजींनी सगळ्यांना सांगितलंय.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? शिकते आहे म्हटलं.”

घराशी उतरून निवेदिता सवयीने बाजूच्या फाटकाकडे वळली. आज सुनीतीबाईही तिच्यामागे. आज त्यांनाही तोच विटाळ. निवेदिताने कडी हलवली. अडली. पुन्हा हलवली.

“रोज अशीच अडते?”

“रोज.”

“पावसातसुद्धा?”

“पावसात जास्त.”

“मग बोलली का नाहीस?”

निवेदिताने खांदे उडवले. सुनीतीबाई क्षणभर त्या गंजक्या कडीकडे बघत उभ्या राहिल्या. मग पर्समधून किल्ली काढून पुढे गेल्या, घराचं पुढचं दार उघडलं आणि ते हाताने धरून ठेवलं.

“ये. आणि अंघोळ वरच्या बाथरूममध्ये कर. खाली पाणी कोमटच येतं.”