रुक्माक्कांचं आटवलेलं पाणी

रुक्माक्कांच्या घरी गेलं की चपला काढायच्या आत हातात पाण्याचा तांब्या यायचा. "आधी प्या, मग बोला." प्यायलं की त्या आपल्या तोंडाकडे बघत राहायच्या. पाणी गोड आहे असं म्हटल्याशिवाय खुर्ची मिळत नसे. पहिल्या दिवशी मी नुसतं "छान आहे" म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "छान तर आमचं कुत्रंही आहे, अण्णा. पाणी गोड आहे की नाही ते सांगा."

पाणी खरंच गोड होतं. जे. पी. नगरच्या पुढे, आनेकलच्या वाटेवरच्या आमच्या वसाहतीत नदीचं पाणी तेव्हा पोचलं नव्हतं. आम्ही सगळे टँकरवर आणि विकतच्या कॅनवर दिवस काढत होतो. अक्कांच्या अंगणात मात्र जुनी बोअरवेल होती आणि तिचा एक नळ त्यांनी मुद्दाम कुंपणाबाहेर काढला होता. गल्लीतल्या बायका घागरी भरत, पाळी संपवून परतणारे कारखान्यातले कामगार बाटल्या भरत. अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड मुरलेलं. त्या म्हणत, "आमच्या लोकांनी इथे येऊन काय काय केलं ते मला ठाऊक नाही. पाणी मात्र कुणी विकलं नाही."

त्यांचे यजमान शामराव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसवली, आणि ते घरी आल्यापासून अक्कांनी त्यांच्यासाठी पाणी आटवायला सुरुवात केली. आजारी माणसाला निम्मं आटवलेलं पाणी द्यायचं, ही त्यांच्या माहेरची रीत. रोज सकाळी दोन लिटरचं एक लिटर व्हायचं.

"हे पाणी नव्हे, शिक्षा आहे," शामराव मला म्हणायचे.

"डॉक्टरांनी स्प्रिंग घातली आहे आत," अक्का स्वयंपाकघरातून ओरडायच्या. "ती गंजली तर मला बोलू नका!"

गल्लीत कुणी आजारी पडलं की त्याच्याकडेही या पाण्याची बाटली जायची. नाही म्हणायची सोय नव्हती.

शामरावांची पुतणी शुभा अमेरिकेत नर्स आहे. तिचं रुग्णालय नवाहो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांजवळ आहे. पाडव्याला तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच श्रीखंड खात बसलो होतो. शेगडीवरचं पातेलं दिसताच ती म्हणाली, "काकू, हे पाणी कधी तपासलंय?" ती सांगत होती, तिकडे कित्येक घरांना नळ नाही, लोक मिळेल त्या विहिरीचं पितात. जुन्या खाणींमुळे काही विहिरींत आर्सेनिक आणि युरेनियम आहे, पण पाणी दिसायला नितळ. म्हणून तिच्या रुग्णालयात हृदयाच्या रुग्णालाही विचारतात, घरी पाणी कुठलं पिता.

"त्यांच्याकडे खाणी आहेत," अक्का म्हणाल्या. "माझ्याकडे पेरूचं झाड आहे."

तरी मी बाटली भरून प्रयोगशाळेत दिली. मी निघताना अक्कांनी बजावलं, "गोड किती आहे तेही लिहा म्हणावं."

अहवाल आला. आर्सेनिक मर्यादेच्या वर होतं. मी तो ओसरीवर उभ्यानंच वाचून दाखवला.

"आर्सेनिक म्हणजे?"

"सोमल."

"अय्यो! विष म्हणून घालतात तो?"

"तोच. आहे थोडाच. पण वर्षानुवर्षं पोटात गेला तर हृदयाचा धोका वाढतो."

"मग मी आणखी स्वल्प उकळते."

"अक्का, उकळून जंतू मरतात. हा मरत नाही. पाण्याची वाफ होते, हा पातेल्यात राहतो. म्हणजे दोन लिटरचं एक केलं की..."

तोवर त्यांचा हिशेब झाला होता.

"दुप्पट," त्या म्हणाल्या. "ह्यांना मी दुप्पट पाजलं."

"तरीच चव तशी होती," शामराव म्हणाले. त्या हसल्या नाहीत. उठल्या, बाहेरचा नळ बंद करून त्याच्या तोंडाला फडकं बांधलं, आणि गल्लीत शिरल्या. मी मागोमाग. प्रत्येक दारात तेच बोलत होत्या, कुठे मराठीत, कुठे कन्नडमध्ये: "माझं पाणी पिऊ नका. भांडी घासा, कपडे धुवा, पण पोटात नको. मला ठाऊक नव्हतं, आता झालं."

कोपऱ्यावरची दुकानवाली म्हणाली, "फुकटचं असंच असतं, अक्का."

"असतं ना. सगळ्यात जास्त घागरी तुझ्या, म्हणून पहिली तुझ्याकडे आले."

दुकानवाली ओशाळून हसली. संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा अक्का स्वतः नळापाशी उभ्या राहून कामगारांना परत पाठवत होत्या.

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात, ज्यांना ज्यांना त्यांनी बाटल्या पाठवल्या होत्या त्या सगळ्यांना बसमध्ये घालून आनेकलच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी शामरावांना स्पष्ट सांगितलं, "झटका पाण्यानेच आला असं मी म्हणणार नाही. सिगारेट तुम्ही भरपूर ओढली आहे. पण ते पाणी बंद केलंत हे उत्तम."

अक्का दारात उभ्या राहून कुणाचा नंबर कितवा हे ठरवत होत्या. शामराव बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले. मग त्यांनी अक्कांना विचारलं, "माझी बाटली भरून पातेल्याच्या तळाला उरायचं, ते कोण प्यायचं गं?"

"मी. टाकायचं का? गॅस काय फुकट येतो?"

आपणही तेच पाणी पीत होतो, हे इतक्या दिवसांत त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

शामराव उठले आणि आत डोकावून डॉक्टरांना म्हणाले, "आता हिला बघा."

"अहो, मला काय धाड भरली आहे? लोक खोळंबले आहेत..."

"रुक्मा, आत जा."

चारचौघांत त्यांनी अक्कांना नावाने हाक मारलेली मी तेव्हाच ऐकली. "सरी, जाते," म्हणून अक्कांनी पिशवी माझ्याकडे दिली आणि आत गेल्या.

रक्तदाब वाढलेला निघाला. बाकी सगळं ठीक होतं. अलीकडे दोघं जयनगरला मुलाकडे राहायला गेली आहेत आणि बरी आहेत. त्या दिवशी मात्र अक्का बाहेर आल्या त्या चिठ्ठी नाचवत, चिडून.

"गोळी दिली आहे. रोज घ्यायची. जन्मभर!"

"मलाही आहेतच," शामराव म्हणाले. "डबा एकच ठेवू."