मामांचे डोळे तपासायचे होते

जगात आजवर जी काही कामं धड झाली ती आपण वेळेवर ओरडलो म्हणूनच झाली, असा माझ्या मामेसासऱ्यांचा ठाम समज आहे. मारुंजीत त्यांची तीन मजली इमारत आहे. खाली दुकानं, मधे आयटीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या खोल्या, आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसता यावं म्हणून सगळ्यात वर स्वतः मामा. आराखड्यात लिफ्ट होती. पण तेवढ्या जागेत प्रत्येक मजल्यावर एक खोली जास्त बसते हे कळताच, "देवानं पाय कशाला दिल्यात?" असं इंजिनिअरला विचारून मामांनी ती उडवून लावली. पुढे न्हाणीघरात घसरून खुबा मोडला, आणि देवाने दिलेल्या पायांनी जिन्याला कायमचा नकार दिला. दवाखान्यातून आल्यावर भाडेकरूंनी खुर्चीत घालून वर नेऊन ठेवलेले मामा अजून खाली उतरलेले नाहीत. वॉकर धरून ते गॅलरीपर्यंत जातात आणि तिथून राज्य चालवतात. एकदा खालच्या मजल्यावरचा पोरगा ऑफिसची ऑनलाइन मीटिंग करत होता. "नळ चालू ऱ्हायलाय" अशी मामांनी वरून त्याला इतक्या वेळा आठवण केली, की शेवटी पलीकडच्या साहेबानेच त्याला नळ बंद करून यायला सांगितलं.

भाडेकरू निदान दिवसा कामावर तरी जातात. मामींना तीही सोय नव्हती. मामा पलंगावरून त्यांना दिवसभर वाट दाखवत. कप डावीकडे आहे, पुढे उंबरा आहे, हातात घेतलास तो डबा साखरेचा, मीठ पलीकडे. उभा जन्म त्या स्वयंपाकघरात काढलेल्या बाईला मीठ कुठे असतं हे शिकवणारा नवरा मी दुसरा पाहिलेला नाही. माझी बायको म्हणायची, मामीच्या जागी मी असते तर तोच डबा त्यांच्या डोक्यात घातला असता. मामी मात्र "व्हय, व्हय" म्हणत कामाला लागायच्या. त्याही कधी खाली उतरत नसत. विचारलं की गुडघ्यांचं कारण सांगत, आणि यांना टाकून मी जाऊ कुठे, असंही.

गेल्या थंडीत मामांनी नवी टूम काढली. आपले डोळे तपासायला माणूस आणा, आणि तोही घरी. रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवरची ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिसऱ्या मजल्यावरून काढणाऱ्या माणसाने हे म्हणावं! मी टाळाटाळ केली, तसे रोज सकाळी फोन सुरू झाले. जिथे चौकशी करावी तिथे पेशंटला घेऊन या म्हणत, आणि मग मला लिफ्टचा सगळा इतिहास सांगावा लागे. शेवटी घराबाहेर पडू न शकणाऱ्यांकडे जाऊन डोळे तपासणारी, हिंजवडीतल्या एका चष्म्याच्या दुकानातली मुलगी यायला तयार झाली. ती भिंगांची जड पेटी घेऊन तीन जिने चढून आली, तेव्हा मामांनी हल्लीच्या पोरींना दम कसा तो नाही, असं म्हणून तिचं स्वागत केलं.

तिने भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. मामांनी तो वरून खालपर्यंत घडाघडा वाचला आणि शेवटच्या ओळीतला 'ण' वाकडा छापलाय असा शेराही मारला. चष्म्याचा नंबर होता तोच होता. मी मनातल्या मनात त्या मुलीची माफी मागत होतो. तेवढ्यात मामा अगदी सहज म्हणाले, "आता आलीच हायेस पोरी, तर हिचंबी डोळं बघ."

मामी कावऱ्याबावऱ्या झाल्या. आपल्याला काही झालेलं नाही, चहा ठेवायचाय, असं म्हणत त्या आत निघाल्या.

"तीन जिनं चढून आलीया ती," मामा म्हणाले. "तिला तशीच लावून देनार व्हय?"

दारी आलेल्याला नाही म्हणणं मामींच्या रक्तात नाही. त्या खुर्चीत बसल्या. सगळ्यात वरचं, पंज्याएवढं अक्षर त्यांना सांगता येईना. मुलगी जवळ आली, त्यांच्या डोळ्यांपुढे बोटं धरली, मग डोळ्यांत टॉर्च मारला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आता ऑपरेशन लांबवू नका, असं तिने मला बजावलं. मामा गॅलरीकडे तोंड करून बसले होते.

आपल्याला दिसेनासं झालंय हे मामींना ठाऊक होतं. आपण दवाखान्यात गेलो तर यांच्याजवळ कोण, म्हणून कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी मामांना शपथ घातली होती. पोटात पाणीसुद्धा न ठरणाऱ्या त्या माणसाने ती दोन वर्षं पाळली, आणि न मोडता सोडवलीही.

ऑपरेशनच्या दिवशी बायको मामींना हाताला धरून खाली घेऊन गेली. मी मामांजवळ थांबलो. दुपारपर्यंत त्यांनी एकही हुकूम सोडला नाही. मग छताकडे बघत म्हणाले, "जावईबापू, हिला दिसाय लागल्यावर माजं काय काम हो हितं?" चहा करतो म्हणून मी आत गेलो.

पुढे दुसराही डोळा झाला, मामींना चष्मा मिळाला. त्यानंतर मी गेलो तेव्हा त्या पलंगाशी उभ्या राहून नवऱ्याचं तोंड निरखत होत्या. "गळ्यावर किती दाढी ऱ्हायलीया," त्या म्हणाल्या, "बाकीचं समदं दिसतंय, आन् हे न्हाई दिसलं व्हय?" त्यांनी वाटीत पाणी आणि दाढीचं सामान आणलं, टॉवेल गुंडाळला आणि मामांची हनुवटी वर केली. मामा काहीतरी सांगायला गेले.

"बोलू नका. लागंल."

मामांनी डोळे मिटले आणि गळा मामींच्या हाती देऊन ते गप्प बसून राहिले. मीही माझा कप आवाज न करता खाली ठेवला.